बिनगाठीचा टाका

शेवटचा स्क्रू काही केल्या हलेना. अर्शियाने पेचकस काढला, टोकावर फुंकर मारली आणि तळहाताचा सगळा जोर लावून पुन्हा फिरवला. कट्ट आवाज झाला आणि स्क्रू सैल पडला. तिने ग्राफिक्स कार्ड दोन्ही हातांनी अलगद उचलून रुपेरी पिशवीत सरकवलं, तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि वर लिहिलं, 'आधी हे.'

"आधी हे म्हंजे?" दारात उभ्या अलीमभाईंनी विचारलं.

"तिथं गेल्यावर पहिलं हे बसवायचं, अब्बा. त्याबिगर पडद्यावर काहीच दिसत न्हाई."

"बराबर," अलीमभाई म्हणाले. लेकीचं म्हणणं कळलं नाही की ते 'बराबर' म्हणत.

भोकरदनच्या बसस्टँडमागे त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं आणि दुकानावर या दोन खोल्या. यातल्या लहान खोलीत अर्शियाने चार वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडला होता. एक भाग संभाजीनगरहून, एक पार्सलने, एक कुणाचा तरी वापरलेला, असं करत करत. त्यावर ती अजून बांधल्याच नाहीत अशा इमारतींची चित्रं करायची, अशी हुबेहूब की बघणाऱ्याने दार उघडायला हात पुढे करावा. "आमची अर्शी घरं बांधती, पण तिला शिमिट लागत न्हाई," असं तिची अम्मी, रहिमाबी, अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. आता जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका ऑफिसने तिला कायमचं बोलावलं होतं. रहिमाबींच्या तोंडी ते गाव 'लापशी' असंच बसलं.

मात्र 'कायमचं' हा शब्द घरात कुणालाच माहीत नव्हता. अर्शियाने दोन वर्षं सांगितली होती. खरं ईदनंतर सांगू असं तिने ठरवलं, मग व्हिसा आल्यावर, मग तिकीट निघाल्यावर. आता सोमवार उजाडला होता, विमान गुरुवारचं होतं आणि जीभ अजून रेटत नव्हती. म्हणून ती स्क्रू काढत बसली होती. निदान हे काम तरी हातचं होतं.

"तिथं मिळत न्हाई का असलं?" अम्मीने महिन्याभरात दहा वेळा विचारलं होतं.

"मिळतं. पण हे मी जोडलंय. हे मी नेणार."

त्यापुढे कुणी बोलत नसे. हट्ट हा या घरात बापाकडून आला होता. घरात दखनी चाले, पण अर्शियाला मराठी शाळेत घातलं त्या दिवशी अलीमभाईंनी ठरवलं की हिच्याशी आपण मराठीतच बोलायचं. पोरगी वर्गात मागे पडायला नको. शाळा सुटून जमाना झाला, पण ठरवलं ते ठरवलं. बाप-लेक आजही भांडत ते मराठीतच.

अलीमभाई खाली गेले आणि चादरीत पिंजलेल्या कापसाचा ढीग घेऊन वर आले.

"हा भर. चारी बाजूंनी, आतूनबी. मंग डोंगरावरून फेक."

"अब्बा, आत पंखे आहेत. कापसाचा एक तंतू गेला तरी अडकतो."

"कापसानं आजवर कुणाचं वाईट झालंय?"

"याचं होईल."

अलीमभाईंनी चादरीची चारही टोकं गोळा केली आणि ते खाली गेले. पायऱ्यांवर त्यांची चप्पल रोजच्यापेक्षा जास्त वाजली. अर्शियाचा हात थांबला. आठ दिवसांत तिने त्यांना दुसऱ्यांदा दुखावलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी तिच्यासाठी केलेली रजई तिने अशीच परत केली होती. गल्लीतली कुठलीही मुलगी घर सोडून निघाली की अलीमभाईंची रजई तिच्याबरोबर जायची. त्यात जात-धर्म कधी आला नाही. स्वतःच्या लेकीसाठी त्यांनी डाळिंबी रंगाचं, पिवळ्या कोयऱ्यांचं कापड वर्षभर आधी आणून ठेवलं होतं. पण बॅगा दोनच. एकीत कपडे आणि अम्मीचे मसाले, दुसरीच्या जागी हा कॉम्प्युटर. "जागाच न्हाई, अब्बा," ती म्हणाली होती. त्यांनी रजईची घडी घातली आणि फळीवर ठेवून दिली. तेव्हाही ते 'बराबर' म्हणाले होते.

दुपारपर्यंत तिने जालन्याहून मागवलेल्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये कॉम्प्युटरचं कॅबिनेट गुंडाळलं, खोक्यात बसवलं, फटींत जुने पेपर कोंबले आणि खोकं चिकटपट्टीने बंद केलं. जोहरची नमाज पढून अलीमभाई वर आले. त्यांनी खोक्याचा एक कोपरा चार बोटं उचलला आणि सोडला.

आतून खट्ट आवाज आला.

"हालतंय," ते म्हणाले.

तिने खोकं उघडून पुन्हा भरलं. त्यांनी पुन्हा कोपरा सोडला. या वेळी आवाज आला नाही. तिने सुस्कारा सोडला, तेवढ्यात त्यांनी खोकं सरळ उलटं केलं.

खट्ट.

"अब्बा, वर बाण काढलाय ना! ही बाजू वर म्हणून लिहिलंय."

"विमानात सामान चढवणारा तुझं वाचत बसंल?"

अर्शियाने हात टेकले. अलीमभाई तिच्या शेजारी फरशीवर बसले. गादी भरून झाली की ते डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवत. कापूस कुठे गोळा झाला आणि कुठे पोकळ राहिलं ते त्यांना हातालाच कळे. आता त्यांचा हात खोक्यावरून तसाच फिरत होता.

"दोन वर्षांसाठीच ना, अर्शी?"

चिकटपट्टीचं टोक नखाने उकरत ती म्हणाली, "हां."

"आन् दोन वर्षांनी हे सगळं पुन्हा वापस."

तिने पट्टी फिरवून पुन्हा उकरली. टोक सापडत नव्हतं.

"बराबर," अलीमभाई म्हणाले आणि उठले. त्यांनी कॅबिनेट बाहेर काढलं, वितीने त्याची उंची मोजली, रुंदी मोजली, मागची बाजू मोजली आणि ते काखेत मारून जिन्याकडे निघाले. "परवा घे."

"अब्बा, मोकळा कापूस न्हाई हं!"

"तुझा एक पंखाबी खोकणार न्हाई," खालून आवाज आला.

दोन दिवस खाली शिलाई मशीन चालत राहिलं. गिऱ्हाईक आलं की थांबे, गेलं की सुरू होई. अर्शिया एकदा डोकवायला उतरली तर त्यांनी घाईघाईने समोरच्या कामावर चादर ओढली. रहिमाबींनाही मनाई होती. "म्हातारपणात नखरे," त्या म्हणाल्या आणि मसाल्याच्या पुड्या तिसऱ्यांदा बांधू लागल्या.

बुधवारी दुपारी अलीमभाई वर आले तेव्हा कॅबिनेटच्या अंगात काहीतरी होतं. बाळाला कुंची घालतात तसं, डोक्यापासून तळापर्यंत. डाळिंबी रंग, पिवळ्या कोयऱ्या.

अर्शियाने एका कोयरीवरून बोट फिरवलं.

"आधी बघून घे," त्यांनी कुंची उतरवली, खिडकीतून आलेल्या उन्हात धरली आणि तिच्यावर सणसणीत थाप मारली. उन्हात एक कण उडाला नाही. "घट्ट विणीचं कापड. दुहेरी शिवण. कुठंय तंतू? दाखव."

"न्हाई," ती म्हणाली.

आतल्या पोकळीसाठी त्याच विणीच्या दोन चपट्या उशा होत्या, बरोबर मापाच्या. सगळं खोक्यात गेलं, पट्ट्या लागल्या, विमानाच्या हिशोबात वजनही बसलं. अलीमभाईंनी खोकं चार बोटांवरून सोडलं, उलटं केलं, आडवं केलं, पुन्हा उलटं केलं. आतून चकार शब्द नाही.

"बास करा आता, त्याला चक्कर येईल," रहिमाबी म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

"अब्बा, माझ्यासाठी रजई फाडलीत?"

"कात्री लावलेली न्हाई." त्यांनी खोकं उघडलं, कॅबिनेट वर काढलं आणि कुंचीच्या कोपऱ्यातून लोंबणारं पांढऱ्या दोऱ्याचं टोक तिच्यापुढे धरलं. "ओढ."

तिने ओढलं. दोरा सरसर निघत आला आणि कुंचीची अख्खी बाजू उघडून तिच्या मांडीवर पसरली. हातभर रजई, चुरगळलेलीसुद्धा नाही.

"कुठंच गाठ न्हाई," ते म्हणाले. "चारी दोरे ओढले की झाली रजई. तिथं थंडी लई म्हणतात."

अर्शिया हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिली. अलीमभाईंची गाठ भोकरदनात प्रसिद्ध होती. रजई विरली तरी त्यांची गाठ सुटत नसे, आणि बिनगाठीचं काम करणाऱ्या कारागिराला त्यांनी दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलेलं तिने पाहिलं होतं.

"पण आता बसलं होतं की सगळं! पुन्हा कोण शिवणार?"

"तू." त्यांनी खिशातून लांब सुई काढून तिच्या हातात दिली. "इथून धर. टाका लांब घ्यायचा, बोटाच्या दोन कांड्यांएवढा. ताण देऊ नको."

पहिले दोन टाके वाकडे गेले. त्यांनी ते उसवायला लावले. तिसरा जमला. चौथ्यानंतर तिला वाटलं की आता बोलता येईल. मान वर न करता ती म्हणाली, "बराबर शिकवताय, अब्बा. दोन वर्षांनी परत येताना मी..."

पुढचं खोटं तिला पुरं करता आलं नाही.

"परत यायचं कोण बोलून राह्यलं?" अलीमभाई शांतपणे म्हणाले. "तिथं भाड्याचं घर. बदलावं लागंल. हे घर, मंग दुसरं घर. दर वेळी मी कुठून येऊ शिवायला?"

सुई थांबली. आतून कपांचा आवाज येत होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यानं." त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला. "दोन वर्षांसाठी माणूस बॅग घेऊन जातो, बेटा. हे घेऊन जात न्हाई."

अर्शियाला रडू फुटलं. ते लपवायला तिच्याकडे एकही हात रिकामा नव्हता. "मी सांगणार होते. रोज सांगणार होते."

"सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो," अलीमभाई म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "मंग हे कोणी शिवलं असतं?"

थोड्या वेळाने त्यांनी तिच्या कोपराला बोट लावलं. "चल, जल्दी. अम्मी यायच्या आत एवढी बाजू होऊ दे. तिला मी सांगतो. तू जाऊन पोचलीस की सांगतो."

अर्शियाने नाक बाहीला पुसलं आणि टाका घेतला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. कोपरा आला तेव्हा लहानपणापासून बघितलेल्या सवयीने तिची बोटं आपोआप गाठीसाठी दोऱ्याचा वेढा घेऊ लागली. अलीमभाईंनी तिच्या बोटांवर हात ठेवला.

"गाठ नको."

तिने वेढा सोडवला, दोरा दातांनी तोडला आणि बोटभर टोक बाहेर मोकळं ठेवलं.