खोटा कॉल

दुपारी अडीच वाजता लिफ्टवाल्याने डब्यातला पहिला घास तोंडात घातला आणि फोन वाजला. नवव्या मजल्यावर लिफ्ट अडकलीय, आत माणूस आहे, लवकर या! डबा तसाच टाकून, हात पँटला पुसत, तो स्कूटर दामटत निघाला. लिफ्ट-दुरुस्तीच्या धंद्यात तक्रारीला 'कॉल' म्हणतात, आणि त्याच इमारतीचा हा आठवड्यातला तिसरा कॉल होता. जाऊन बघतो तर लिफ्ट मजेत वर-खाली करतेय आणि दोन सद्गृहस्थ दारात हसत उभे!

"काही नाही हो, फोन केला की तुम्ही किती वेळात येता, ते बघत होतो."

काय करावं अशा माणसांचं, तुम्हीच सांगा! लिफ्टवाल्याने त्यांना असं झाडलं की वरच्या खिडक्या उघडल्या. "तिकडे खरंच कोणी अडकलं असतं आणि मी इथे असतो, तर?" त्याचं काही चुकलं नाही. मी असतो तर याहून जास्त बोललो असतो.

पण याच शहाण्याने पुढच्या रविवारी काय केलं, ते ऐका.

सहा महिन्यांपूर्वी त्याने एक जुना कॅमेरा घेतला होता. पक्ष्यांचे फोटो काढायचे! छंद चांगला, कोण नाही म्हणेल? पण आतापर्यंत मिळालं होतं काय, तर रिकाम्या फांद्या आणि उडून जाणाऱ्या शेपट्या. त्याची ताई प्रसूतिगृहात नर्स. ती म्हणायची, "तुझ्या कॅमेऱ्याला पक्ष्यांची तोंडं वर्ज्य आहेत का रे?" तो हसायचा, पण आतून चरफडायचा. त्याच्या पक्षी-फोटोवाल्यांच्या क्लबचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि लावायला एक फोटो धड नव्हता.

क्लबच्या प्रमुखांना सगळे कॅप्टन म्हणत. जहाज त्यांनी चित्रातच पाहिलं असेल, पण रुबाब तसा होता. ते म्हणाले, "पक्ष्याच्या मागे कशाला धावतोस? कॉल लाव! मोबाइलवर त्याच जातीच्या नराचा आवाज लावायचा. पक्षी धावत येतो."

कॉल! हा शब्द ऐकून तरी याचे कान टवकारायला हवे होते. कुठलं काय!

प्रसूतिगृहाच्या मागच्या भिंतीत, जुना पाइप काढलेल्या भोकात, दयाळ पक्ष्याच्या जोडीने घरटं केलं होतं. आत चार पिल्लं. चादरींच्या खोलीच्या खिडकीतून ताई रोज त्यांना बघायची आणि घरी येऊन कौतुकाने सांगायची. हा मात्र ते ऐकून मनात जागा हेरून ठेवत होता.

रविवारी सकाळी तो, कॅप्टन आणि क्लबातले आणखी दोघे तिथे पोचले. घरट्यापासून वीसेक पावलांवर एका दगडावर फोन ठेवला आणि आवाज लावला. काळा-पांढरा दयाळ झेपावत आला. छाती फुगलेली, शेपटी ताठ, चोच उघडी. कॅमेरे खटखटायला लागले. "अजून एकदा लाव! अजून एकदा!" असं करत पाऊण तास गेला.

ताईने खिडकीतून पाहिलं आणि हातातली चादर घेऊन ती तशीच धावत खाली आली.

"बंद कर तो फोन! आधी बंद कर!"

"हळू बोल ना ताई, उडेल तो. बघ तरी काय गातोय!"

"गातोय? अरे, शिव्या घालतोय तो! त्याला वाटतंय, दुसरा नर त्याच्या घरात घुसलाय आणि कुठे दिसत नाहीये. पाऊण तास तो घरट्याकडे फिरकला नाही. मादी किडे शोधायला गेली की पिल्लांची राखण कोणी करायची? तू?"

कॅप्टन हसले. "सिस्टर, निसर्गात हे चालायचंच."

"निसर्गात मोबाइल वाजत नाहीत!" ताई कडाडली आणि भावाकडे वळली. "आणि तू! परवा त्या दोघांनी तुला उगाच पळवलं, तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंस. मग हा खोटा कॉल नाही, तर काय आहे?"

लिफ्टवाल्याचा चेहरा पडला. त्याने फोन बंद केला. तेव्हा कुठे भिंतीकडची बारीक चिवचिव ऐकू आली. सगळे वळले. एक बोका भिंतीवर चढून भोकात पंजा घालत होता! ताईने चादर भिरकावली, लिफ्टवाला ओरडत धावला. बोका पळाला, पण त्याच्या तोंडात पिल्लू होतं. ताईने भोकात डोकावून पाहिलं. चारांतलं एकच उरलं होतं; दोन त्याने आधीच नेली होती.

दयाळ अजून त्या दगडावरच बसून नसलेल्या शत्रूला शोधत होता.

"वाईट झालं," कॅप्टन लिफ्टवाल्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत म्हणाले, "पण तुझा फोटो अफलातून आलाय हं!"

लाज नावाची गोष्ट असते की नाही माणसाला!

कॅप्टननी तो फोटो प्रदर्शनात मधोमध लावला, पहिलं बक्षीसही जाहीर झालं. खाली त्यांनीच नाव दिलं होतं, 'प्रभातीचा गायक'. लोक वाहवा करत होते. लिफ्टवाला फोटो काढून टाकायला आला होता, पण नुसता काढला तर कोणाला काय कळणार? त्याने मार्करने ते नाव खोडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हा गात नाही. मी खोटा कॉल लावून याला घरट्यापासून ओढलं. तेवढ्यात बोक्याने याची तीन पिल्लं नेली.'

"वेड लागलंय का तुला?" कॅप्टन धावले. "बक्षीस जाईल!"

"जाऊ दे! कसलं बक्षीस देताय मला? तीन जीव घेतल्याचं? तुम्ही शिकवलंत, पण बटण मी दाबलं. इथून पुढे क्लबात कोणी कॉल लावला तर त्याचा फोन मी हिसकावून घेईन!"

गळ्यात नवाकोरा कॅमेरा घातलेली एक बाई हळूच म्हणाली, "मीसुद्धा लावते. मला वाटायचं, पक्षी खूश होऊन येतो."

नाही हो, खूश होऊन येत नाही! मंडळी, पक्षी पाहायचा तर लांब उभं राहायचं, वाट बघायची आणि त्याच्या घरट्याच्या वाटेला जायचं नाही. नाही मिळाला फोटो, तर नाही मिळाला! आपला छंद पुरा करायला तो पक्षी बांधील नाही.

संध्याकाळी लिफ्टवाल्याने ताईला घाबरत विचारलं, "ते उरलेलं पिल्लू?"

"आज सकाळी उडालं."

त्याचा जीव भांड्यात पडला. "चला, एक तरी..."

"एक तरी म्हणू नकोस," ताई म्हणाली. "चार उडणार होती."