सारख्या उंचीचे दोन खांदे

दादाचा फोन आला तेव्हा तिघी साच्यांमध्ये वाती ओवत होत्या.

"आई गेली," तो म्हणाला. "उद्या अकराला प्रार्थना. शर्ट-पँट घालून येणार असशील तर खांदा दे. तसंच यायचं असेल तर मागच्या बाकावर बस आणि गुपचूप निघून जा."

'तसंच' म्हणजे कसं, ते त्यानं सांगितलं नाही. नऊ वर्षांत तो त्याविषयी अवाक्षर बोलला नव्हता.

शिडीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. खूप उंच म्हणून तिला शिडी म्हणत. हे नाव ठेवलं थोरलीनं, मेणबत्त्यांचा हा दोन खोल्यांचा कारखाना तिचाच. तिसरी चिमणी. ती अंगानं चांगली दणकट होती, पण आवाज बारीक. तिघींचं लहानपण सारखंच गेलेलं. तिघींनी मुलगा म्हणून वेदीजवळ उभं राहून धूपदान हलवलं होतं, तिघींनी पापनिवेदनाच्या जाळीआड एकच गोष्ट सांगितली होती.

"मला फादरांनी प्रायश्चित्त म्हणून पाच वेळा 'नमो मरिया' म्हणायला लावलं होतं," असं थोरली नेहमी सांगे.

"मला दहा वेळा," चिमणी म्हणे. "म्हणजे तुझ्या दुप्पट पापी."

आज मात्र कुणी चेष्टा केली नाही. थोरलीनं शेगडी बंद केली. पातेल्यातल्या मेणावर साय धरू लागली.

"मी वडिलांच्या वेळी पँट घालून गेले होते," थोरली म्हणाली. "मिशाही वाढवल्या होत्या आठ दिवस. सगळे म्हणाले, शहाणा मुलगा. पण आजही वाटतं, मी तिथं नव्हतेच. त्यांना दुसऱ्याच कुणीतरी पोचवलं."

"माझ्या वडिलांच्या वेळी मी तर फाटकाबाहेरच उभी होते," चिमणी म्हणाली. "आतलं गाणं ऐकू येत होतं. मी बाहेरून साथ दिली. फुलवाल्याला वाटलं, ही येडी आहे."

शिडीनं हातातल्या वातीला पीळ देऊन ती साच्यात ओवली. मग म्हणाली, "मी खांदा देणार. आणि माझ्याच कपड्यांत देणार."

"दादा नको म्हणाला तर?"

"आई काय म्हणायची माहितेय? दर रविवारी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि मला फोन करायची, दादाला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणायची, मला पोचवायला दोघं या. तुमची उंची सारखी आहे, पेटी वाकडी होणार नाही. बाबांना मी आणि दादानंच नेलं होतं ना, पुढं दोघं."

थोरली उठली आणि तिनं कपाटातून बुटांचं खोकं काढून आणलं. तिघींच्या पायांचं माप मोठं. बायकांच्या दुकानात त्या मापाचं काही मिळत नसे, म्हणून एका कारागिराकडून हे काळे बूट खास शिवून घेतले होते. तिघींत मिळून एक जोडी. जिला मोठं काम असेल तिनं घालायचे.

"घाल हे," थोरली म्हणाली. "ताठ चालता येतं यांत."

दुसऱ्या दिवशी तिघी काळ्या झग्यांत गेल्या आणि प्रार्थना संपेपर्यंत मागच्या बाकावर बसल्या. डोक्यावर ओढणी, हातात स्वतः ओतलेली एक जाड मेणबत्ती. माना वळत होत्या, पुन्हा सरळ होत होत्या. पेटी उचलायची वेळ आली तशी मेणबत्ती चिमणीकडं देऊन शिडी उठली आणि मधल्या वाटेनं थेट पुढं गेली.

पेटीपाशी सुतार उभा होता. पेट्या तोच बनवी आणि उचलायची माणसंही तोच लावी. हातात उंची मोजायची, खुणा केलेली काठी. मागची जोडी त्यानं जुळवून टाकली होती. पुढं दादा आणि एक मावसभाऊ. मावसभाऊ चार बोटं बुटका.

"तुला मागं बसायला सांगितलं होतं," दादा दबक्या आवाजात म्हणाला.

"बसले होते की. आता उठले."

"तमाशा करू नकोस."

"मी आईला न्यायला आलेय, दादा. तू एक बाजू धर, मी एक धरते."

पहिल्या बाकावरून मोठी मावशी बोलली, "अरे, बाया कधी खांदा देतात का?"

"चला, बाई आहे एवढं तरी मान्य झालं," मागं चिमणी थोरलीच्या कानात पुटपुटली.

सुतारानं शिडीकडं नीट पाहिलं. "वडिलांच्या वेळी तुम्ही होतात काय पुढं?"

अख्खं चर्च ऐकत होतं.

"हो, मीच होते," शिडी म्हणाली.

सुतारानं मान हलवली आणि तिच्याशेजारी काठी उभी केली. मग दादाशेजारी. "तेव्हा उंची बरोबर जुळली होती. आज दोन बोटं जास्त भरतेय."

शिडीनं खाली पाहिलं. तिनं, थोरलीनं, चिमणीनं, कुणीच बुटांच्या टाचेचा विचार केला नव्हता. बूट तेवढे बायकी आहेत, इतकंच तिघींनी पाहिलं होतं. तिनं वाकून नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत कोंबले आणि बूट बाजूला ठेवले. थोरली येऊन ते घेऊन गेली.

"आता बरोबर," सुतार म्हणाला. मावसभाऊ बाजूला झाला. त्याला सुटल्यासारखंच वाटलं असावं.

पेटी खांद्यांवर आली. शिडीनं पेटीखालून हात नेऊन दादाच्या खांद्यावर ठेवला. दादाचा हात मात्र लोंबकळत राहिला. पेटी किंचित डुलली.

"हात," सुतार म्हणाला. "एकमेकांना धरलं नाही तर पायरीवर पेटी सुटते. धरल्याशिवाय मी पाऊल टाकू देत नाही."

दादानं फादरांकडं पाहिलं. फादर पुस्तकातलं पान शोधत होते, ते बराच वेळ शोधत राहिले. कुणीतरी खोकलं. मग शिडीच्या मानेशी एक हात आला, आधी नुसता टेकला, मग त्यानं झग्याचं कापड मुठीत घट्ट धरलं.

"डावा आधी," दादा म्हणाला.

तीन पायऱ्या आणि मग दफनभूमीपर्यंत खडीची वाट. खडी तळव्यांत रुतत होती. शिडीनं पाय आखडता घेतला नाही. दादाची चाल मात्र जरा मंदावली, आणि पेटी शेवटपर्यंत सरळ राहिली.

माती झाल्यावर लोक पांगले. दादा तिच्या पायांकडं पाहत म्हणाला, "रक्त आलंय. भिंतीपाशी नळ आहे."

तो पुढं गेला आणि त्यानं नळ सोडला. तिनं एकेक पाय धारेखाली धरला.

"दर रविवारी ऐकू यायचा," दादा म्हणाला. "नळ. मी कधी दार वाजवलं नाही."

शिडीनं ओढणीनं पाय पुसले. थोरली बूट घेऊन थोड्या अंतरावर थांबली होती.

"या रविवारी मी फोन करीन," ती म्हणाली. "तुला. उचल."

"बघू."

"बघू नको, उचल. नाही उचललास तर त्याच्या पुढच्या रविवारी करीन."

दादानं नळ बंद केला. तो गळत होता, म्हणून पुन्हा एकदा घट्ट पिळला.

"चर्चच्या प्रार्थनेनंतर कर," तो म्हणाला. "आधी मी घरी नसतो."