कोर्टाच्या दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. अस्सल सागवानी, बरं का! आता एक पाय डुगडुगतो, पण पाठ अजून ताठ आहे. सुताराने मला कोर्टासाठीच घडवले आणि तेव्हापासून मी न्यायाधीशांच्या दालनाबाहेर उभा आहे. आत निकाल लागतात. बाहेर लोक माझ्यावर बसून वाट बघतात.

तहान लागली तरी माझ्यावरून कोणी उठत नसे. कारण आमच्याकडे पुकारा असतो. शिपाई दारात येऊन नाव तीनदा पुकारतो. हजर झालात तर ठीक, नाहीतर गैरहजर. आमच्या शिपाईदादांचा आवाज इतका दणदणीत, की सगळे त्यांना ‘तोफ’ म्हणत. मलाही त्या आवाजाचा भारी अभिमान होता.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी माझ्यावर येऊन बसायच्या. त्यांना अजिबात ऐकू येत नसे. ओठ पाहून त्या बोलणे ओळखत. बहीण वारल्यावर तिच्या लहान मुलीला त्यांनीच सांभाळले होते. आता मुलीचा रीतसर ताबा हवा होता. तो मिळाला नाही, तर पोरीला कधी न पाहिलेल्या नातेवाइकांकडे जावे लागणार होते.

त्यांच्या तारखेला गर्दी जिन्याकडे होती. तोफदादांनी जिन्याकडे तोंड करून तीनदा पुकारा केला. मावशी त्यांच्या मागे, हाताच्या अंतरावर, दाराकडे डोळे लावून बसलेल्या. मला तोंड नाही, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले. मावशी गैरहजर ठरल्या आणि ताब्याचा अर्ज खारीज झाला.

मावशींनी पुन्हा अर्ज केला. न्यायाधीशबाईंनी विचारले, “त्या दिवशी होतात कुठे?”

“इथंच होते, मॅडम. बाहेर बाकावर. मला ह्या शिपाईदादांची नुसती पाठ दिसली.”

बाई उठून थेट बाहेर आल्या, माझ्यावर बसल्या आणि दोन्ही कान गच्च दाबून म्हणाल्या, “हं, पुकारा आता. जिन्याकडे बघून.”

तोफदादांनी पुकारले. बाईंनाही नुसती पाठच दिसली. मग आत जाऊन त्यांनी मावशींना नवी तारीख दिली.

त्याच सुमारास व्हरांड्यात नव्या खुर्च्या घ्यायला निधी आला होता. म्हणजे माझी रवानगी भंगारात. पण बाई कारकुनांना म्हणाल्या, “खुर्च्या राहू द्या. त्या पैशांत नंबर दाखवणारा पडदा बसवू. मोबाइलवर निरोपही जायला हवा. वरून परवानगी मी आणते.”

“पण मॅडम, बाक डुगडुगतोय!”

“पायाखाली पुठ्ठा घाला.”

काय तो पडदा, मित्रांनो! ओरडणे नाही, आरडणे नाही, आणि तरी सगळ्यांना बोलावतो. मावशींच्या तारखेला तोफदादा घसा खाकरताहेत, तोवर मावशींच्या हातातला मोबाइल थरथरला, पडद्यावर नंबर उजळला आणि त्या ताडकन उठल्या. मला तर नाचावेसे वाटले, पुठ्ठ्यामुळे राहिले. हल्ली माणसे बिनघोर पाणी पिऊन येतात. तोफदादा म्हणतात, “सुटला बाबा माझा घसा!” तरी पुकारा करतातच, आणि आता बाकाकडेही वळून.

मावशी बाहेर आल्या, तेव्हा पोर माझ्यावर बसली होती. मावशींना ओठ दिसावेत म्हणून तिने तोंड वर केले आणि सावकाश विचारले, “आता मी तुझ्याकडेच?”

मावशींनी मान डोलावली आणि तिला घट्ट कुशीत घेतले.

म्हणून सांगतो, मित्रांनो, त्या पडद्यावर बोटे उमटवू नका, त्याच्या वायरी ओढू नका. तो बिघडला, तर वेळेवर दुरुस्त करा. मी म्हातारा झालो आहे, मला खुशाल कुठेही हलवा. फक्त माझ्यावर बसणाऱ्याला पडदा दिसेल, असे ठेवा.