वरची मूठ

डब्याच्या झाकणात बसणाऱ्या रबरी कड्या करण्यात मोठ्या बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत, म्हणजे शंकेला जागा नको. पण हल्ली गिऱ्हाईक कुरकुरू लागलं होतं: कड्यांना गंधकाचा वास मारतो.

सुनेने तोड काढली. रबर आणि प्लास्टिक एकत्र वितळवायचं, घुसळणं चालू असतानाच, रबर पक्कं करणाऱ्या गंधकाऐवजी, पेरॉक्साईडची भुकटी सोडायची. त्या भुकटीने रबराचे धागे एकमेकांना गाठी मारून बसतात, प्लास्टिक मात्र वितळण्याजोगं राहतं.

"एकदा करून बघ," मुलगा म्हणाला. "फसलं तर पुन्हा नाव काढायचं नाही."

सुनेने भुकटी तोलली. एवढीशी! बाईंना बघवेना. गंधक त्या कायम सढळ हाताने टाकत. जास्त झालं तर माल कडक होई, वाया जात नसे. सून तापमानाचा काटा बघायला वळली आणि बाईंनी मापात आणखी एक मूठ टाकली. पोरीचं भलं व्हावं म्हणूनच.

मिक्सर उघडला, तर माल नासलेल्या दुधासारखा फुटलेला. प्लास्टिकचं पार पाणी, त्यात रबराचा चुरा.

"झाली हौस?" मुलगा म्हणाला. "उद्यापासून आपलं गंधकच."

सुनेने रिकामं भांडं तराजूवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"माझंच माप चुकलं असेल," ती पुटपुटली. "पेरॉक्साईड जास्त झालं की ते प्लास्टिकचेच तुकडे पाडतं."

मुलगा मिक्सर बंद करायला निघाला, तशा बाई ओरडल्या.

"थांब रे उतावळ्या! आणि तू गं, त्या तराजूला कशाला छळतेस? तो खरंच बोलतोय. वरची मूठ माझी."

"आई! कशाला पण?"

"चिमटीने कुठे संसार होतो, असं वाटलं. चल सूनबाई, पुन्हा तोल. हे बघ, हात मागे बांधलेत."

या वेळी माल मळलेल्या कणकेसारखा एकजीव निघाला. दाबून ठेवल्यावर पुन्हा उसळते का ते बघायला त्याची कडी दोन पत्र्यांत आवळून सुनेने रात्रभर भट्टीत ठेवली. सकाळी पत्रे सोडले, तशी दबलेली कडी हळूहळू फुगून वर आली. बाईंनी ती नाकाला लावली. गंधकाचा मागमूस नव्हता. बोटांत दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"बरी आहे," म्हणाल्या. मग मुलाकडे वळून, "ते भुकटीचं डबडं वरच्या फळीवर ठेव रे, माझा हात पोचणार नाही असं. जित्याची खोड आहे, बाबा."