रकाना सातवा: नैसर्गिक अडथळा

बेटावरची शाळा बंद करायची की नाही हे ठरवण्यासाठी पंचायत समितीला दोन आकडे हवे होते: शाळेचा पट आणि सर्वांत जवळच्या दुसऱ्या शाळेपर्यंतचे अंतर. पट दहाच्या खाली आणि अंतर एक किलोमीटरच्या आत असेल, तर शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठवायची, असे धोरण होते. बेटावरच्या शाळेचा पट नऊ होता. जवळची शाळा वडटाकळीची. तिचा मुख्याध्यापक मी. केंद्रप्रमुखाचे पद दोन वर्षे रिकामे असल्याने त्याचा कार्यभारही माझ्याकडेच होता, आणि म्हणून मोजणीचे काम माझ्याकडे आले. बेटावर एकच शिक्षिका होती. ती माझी पत्नी, सिंधू.

यात काही गैर आहे असे तालुक्यात कोणाला वाटले नाही. विस्तार अधिकारी फोनवर म्हणाले, "घरातलंच काम हाय शहादेव सर, लवकर उरकंल."

बेट हा शब्द त्या वर्षी नावापुरताच उरला होता. चांगल्या पावसाच्या वर्षी धरणाच्या फुगवट्याचे पाणी त्या वस्तीला चहूबाजूंनी वेढते आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या होडीशिवाय जाणे-येणे होत नाही. दुष्काळाचे ते सलग तिसरे वर्ष होते. फुगवटा आटून तळ उघडा पडला होता. ओल होती तिथे लोकांनी गाळपेर केली होती, बाकीचा गाळ ट्रॅक्टरने शेतांत नेला जात होता. त्या ट्रॅक्टरांनी पाडलेली वाट वडटाकळीहून सरळ बेटावर जात होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तीस मीटरचा टेप घेऊन त्या वाटेवर उतरलो. दुसरे टोक आश्रुबाने धरले होते. आश्रुबा हा संस्थेचा नावाडी. नऊ वर्षे त्याने सिंधूला होडीतून नेले-आणले होते. आता संस्थेच्या तिन्ही होड्या वाटेच्या कडेला पालथ्या पडल्या होत्या आणि त्याला काम नव्हते.

मध्यावर केशरबाई मक्याचा चारा कापत होत्या. त्यांची दोन नातवंडे बेटाच्या शाळेत होती. त्यांनी विळा थांबवला.

"काय मोजायलात सर?"

"अंतर. आमच्या शाळेपासून बेटाच्या शाळेपर्यंतचं."

"मोजा, मोजा. पाणी आल्यावर बी ह्याच जाग्यावर उभं राहून मोजा म्हंजे झालं. टेप तेवढा भिजू देऊ नका, सरकारी असंल."

"आत्याबाई, सरांना काम करू द्या," आश्रुबा म्हणाला. त्याने टेप इतका ताणला होता की मला तो सैल करायला सांगावे लागले.

दारापासून दारापर्यंत अंतर भरले आठशे सत्तेचाळीस मीटर. परत येताना पुन्हा मोजले, तेव्हा आठशे अठ्ठेचाळीस. कोणी शंका घेऊ नये म्हणून मी मोठा आकडा लिहिला.

प्रपत्राचा सातवा रकाना असा होता: 'मार्गात नैसर्गिक अडथळा (नदी, नाला, जलाशय) आहे / नाही'. मी 'नाही' लिहिले. त्या दिवशी, त्या मार्गावर अडथळा नव्हता. विधान कोणालाही जाऊन तपासता आले असते. आठवा रकाना शेऱ्याचा. तो मी कोरा ठेवला. कोऱ्या जागेत खोटे काही असू शकत नाही, हे मला त्या क्षणी पूर्णपणे पटले होते.

तो कोरा का ठेवला, ते सांगणे भाग आहे. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले आहे. सिंधूचे शिक्षण बारावी आणि डी.एड. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीत नऊ वर्षांपूर्वी ती इकडे आली, तेव्हा बेटाशिवाय जागा नव्हती. दोन वर्षे काढ, मग बघू, असे मीच तिला म्हणालो होतो. तिने दोन वर्षे काढली आणि पुढे बघण्याचा विषयच काढला नाही.

वस्तीच्या उतारावर, पाण्यात उभ्या राहिलेल्या एका जुन्या विजेच्या खांबावर तिने रंगाने पट्ट्या आखून घेतल्या. दर सोमवारी मुले पाण्याची पातळी वाचत आणि वहीत लिहीत. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्या वह्यांना पहिले पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात माझ्या शाळेचे वाफेचे इंजिन होते. ते चालत होते, पण त्याच्यासमोर कोणी थांबत नव्हते. पुढच्या सुट्टीत मी पारदर्शक नळीत पाणी भरून, तिच्या नकळत, खांबावरची प्रत्येक पट्टी तपासली. मला चूक हवी होती. सर्वांत मोठी चूक दोन सेंटिमीटरची निघाली. हे मी तिला कधी सांगितले नाही.

आमच्या वस्तीतल्या जयंतीला भाषणासाठी तिला बोलावतात. मी सतरंजीवर बसतो. बेटावरून आलेले लोक एकमेकांना माझी ओळख करून देतात, "हे बाईंचे मालक." एका वर्षी एकाने विचारले होते, "ते बी शिकिवतात का कुठं?"

मोजणीच्या दिवशी संध्याकाळी सिंधू भाकरी थापत होती.

"मोजलं का?"

"आठशे अठ्ठेचाळीस."

"आन् पाणी असल्यावर?"

"प्रपत्रात आजचं अंतर विचारलं आहे."

"असं व्हय." तिने भाकरी उलटली. "पट नऊच लिहिला?"

"हजेरीपटावर नऊ आहेत."

"आठ जण ऊसतोडीला गेलेत आईबापासंगं. संस्थेला मासं असतं तर कोण कशाला गेलं असतं कारखान्यावर? येतील की पुढच्या महिन्यात."

"आले की लिहू."

"शाळा बंद झाल्यावर कुठं लिहिता? आन् पावसाळ्यात दुसरीतल्या पोरी रोज होडीत बसतील का? वारं असलं की आश्रुबाभाऊ होडी काढीत न्हाईत. त्यांच्या आया न्हाई पाठवायच्या. बसतील घरी, दुसरं काय."

"सिंधू, मोजमाप मी नियमाप्रमाणे केलं आहे."

"व्हय. तुमचं बरोबर हाय."

ती वाद घालत नाही. तिने 'बरोबर हाय' म्हटले की मला काठावर पास झाल्यासारखे वाटते.

प्रपत्र पाकिटात घालून मी सोमवारी तालुक्याला नेणार होतो. शनिवारी शाळा सुटायच्या वेळी बंकट आला. तो आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. टेबलासमोरची खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "सर, पेढे कवा?"

"कशाचे?"

"बेटाची शाळा बंद व्हायली म्हणं. मग बाई कुठं जाणार? आपल्यातच की! एक जागा रिकामी हाय ना? आमी उशीर केला न्हाई, हे बघा." त्याने घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. बेटाच्या बाई समायोजनाने वडटाकळीलाच द्याव्यात, असा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज होता. खाली सह्या आणि अंगठे होते. मी मोजले. चौऱ्याहत्तर.

"दोन दिवसांत झाल्या," बंकट म्हणाला. "लोक सोताहून यायलेत सर. पाचवी ते सातवीचं विज्ञान बी बाईंकडं द्या, असं लिहिलंय बघा खाली."

"विज्ञान मी शिकवतो."

"तेच तर! तुमाला ऑफिसची कामं लई. टपाल हाय, खिचडी हाय, मीटिंगा हायेत. बाई शिकिवतील, तुमी सह्या करा. घरातल्या घरात तर हाय."

तो गेल्यावर मी कागद पुन्हा वाचला. सातवीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या वडिलांची सही त्यावर होती. या गावात मला बारा वर्षे झाली होती. बारा वर्षांत गावाने माझ्यासाठी सह्यांचा एकही कागद केला नव्हता. माझ्याविरुद्धही केला नव्हता, आणि त्याचे मला त्या दिवशी अधिक वाईट वाटले.

मग मी जूनचा विचार केला. दहा वाजता माझ्याच शाळेच्या दारातून ती आत येते. मुले तिच्याभोवती जमतात. मी कार्यालयात खिचडीच्या तांदळाची नोंद करतो आहे आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो आहे. ती माझ्या सातवीला प्लवन शिकवते आहे, आणि त्यांना ते समजते आहे.

बेट होते तोवर तिचे कौतुक मला अधूनमधून, वार्तेसारखे, ऐकू येत होते. एका छपराखाली ते मला रोज पाहावे लागले असते.

मी घरी आलो. सिंधू बेटावरून परतली नव्हती. मी फळीवरच्या पाण्याच्या वह्या काढल्या आणि कोरे प्रपत्र घेऊन बसलो. नऊ वर्षांत चारशे एकसष्ट सोमवारांच्या नोंदी होत्या. वाटेच्या सर्वांत खोल जागेची उंची त्या खांबावरून काढता येत होती. तीनशे अठरा सोमवारी त्या जागेवर पाणी होते, बहुतेक वेळा पुरुषभर उंचीहून जास्त. मी सातव्या रकान्यात 'आहे' लिहिले. आठव्यात जागा पुरली नाही म्हणून पुरवणी जोडली: 'नोंदवलेले अंतर आणि पट हे दोन्ही आकडे अवर्षणाच्या काळातील आहेत. एरवी जलाशयामुळे सदर मार्ग वर्षातील सुमारे आठ महिने पाण्याखाली असतो व बेट वस्तीस अन्य रस्ता नाही. आठ विद्यार्थी पालकांच्या हंगामी स्थलांतरामुळे पटावर नाहीत. सबब हे आकडे शाळेची स्थिती दर्शवत नाहीत, दुष्काळाची दर्शवतात. पाण्याच्या नोंदी विद्यार्थ्यांनी घेतल्या असून त्यांची अचूकता तपासलेली आहे.'

सिंधूचे नाव मी लिहिले नाही. ते लिहिता आले असते.

यातला प्रत्येक शब्द खरा होता. तरीही मुलांच्या काळजीने मी तो लिहिला, असा समज कोणी करून घेऊ नये. सिंधू बेटावर राहायला हवी होती. त्यासाठी आम्हा दोघांच्या शाळांमध्ये पाणी असायला हवे होते, आणि त्या वर्षी ते फक्त कागदावर आणता येण्यासारखे होते.

गेवराईला पंचायत समितीच्या सभेत आमचा विषय अकरावा होता. सभापतींनी पुरवणी वाचायला सांगितली. वाचून झाल्यावर पलीकडच्या गणाचे एक सदस्य उठले.

"सर, धरणात थेंब न्हाई. आन् तुमी आमाला पाणी दाखवायलात?"

"थेंब नाही, ही या वर्षीची स्थिती आहे. धरण दर वर्षीचं आहे."

"शाळा मिसेसची हाय म्हणून तर न्हाई ना?"

सभागृह हसले. सभापतींनी टेबलावर पेन आपटले, पण तेही हसत होते. आयुष्यात प्रथमच माझ्यावर पत्नीप्रेमाचा आरोप होत होता. तो खोडून काढायचा तर खरे कारण सांगावे लागले असते. मी म्हणालो, "वह्या सोबत आणल्या आहेत. कोणताही सोमवार काढा."

त्यांनी खरोखर एक वही उघडली, बोट ठेवले आणि तारीख वाचली. त्या महिन्यात त्यांच्या मेहुण्याच्या लग्नाचे वऱ्हाड होडीतून बेटावर गेले होते, हे त्यांनाच आठवले. ते बसले. शाळा सुरू ठेवावी, तीन वर्षांनी पुन्हा आढावा घ्यावा, असा ठराव झाला.

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. ओसरीवर दोन टरबुजे ठेवलेली होती आणि आश्रुबा निघण्याच्या बेतात होता. मला पाहून त्याने हात जोडले. "लई चांगलं झालं सर. बाईंनी तुमाला बरोबर समजावलं."

तो गेल्यावर सिंधूने एक टरबूज विळीवर घेतले.

"पुरवणीची नक्कल वाचली मी," ती म्हणाली. "नोंदी पोरांनी घेतल्या म्हणून लिहिलंय. माझं नाव न्हाई."

"गरज नव्हती."

"तेच चांगलं केलं. पोरांचंच हाय ते." तिने टरबुजाचे दोन भाग केले. "एक विचारू? पोरांसाठी लिहिलं, का माझ्यासाठी?"

"आकडे तसे होते."

"आकड्याचं मी विचारलं न्हाई. बंकटभाऊ भेटलते मला वाटंवर. सह्यांचं सांगत हुते."

तिने वर पाहिले नाही. मला खोटे बोलता आले असते आणि ते तपासण्याचे साधन तिच्याकडे नव्हते.

"तू वडटाकळीच्या शाळेत आलेली मला सहन झालं नसतं," मी म्हणालो.

तिने टरबुजाचा एक भाग पुन्हा विळीवर धरला.

"मग बरं हाय. मला वाटलं, माझी कीव आली तुमाला. त्यानं मघापास्नं जीव खालीवर व्हायलाय."

"राग नाही आला?"

"राग कावून येईल? तुमी माझ्यावर जळता हे मला प्रदर्शनापास्नं ठाऊक हाय. लोक बाई चांगल्या, बाई चांगल्या म्हणतात. वही उघडून कोण बघतंय? तुमी एकटेच जळता, म्हंजे एकट्यानंच नीट बघितलंय."

तिने फोडी केल्या आणि त्यातली मोठी माझ्यापुढे ठेवली. मी ती उचलली, आणि तिच्या हातातली अधिक लाल तर नाही ना, ते पाहिले.