हातची फुलं

अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत मंगळवार पेठेतल्या माधवरावांच्या घराची पुढची खोली गेली, ती त्यांनी परत बांधलीच नाही. त्या राखेच्या जागेत त्यांच्या विधवा बहिणीनं, कालिंदीनं, मोगरा लावला. विटांचे तुकडे वेचले, शेण कालवलं, धुण्याचं पाणी पाजलं. झाडं वाढवायला तिचे हात चालत होते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला फुलं काढायला मात्र चालत नव्हते. भावजय पद्मजा टोपली घेऊन यायची, म्हणायची, "वन्सं, तुम्ही कशाला त्रास घेता? मी काढते की." मग कालिंदी मुकाट्यानं माडीवर जाऊन बसायची. ते गोड बोलणं तिला शिवीपेक्षा झोंबायचं.

त्या वर्षी ती उठली नाही. खुरपं घेऊन आळ्यापाशीच बसून राहिली.

"कळीला हात लावायचा नाही, पद्मजा."

"अहो, गौर बसलीय! वाहू काय?"

"मंडईतनं आण."

"घरची असताना? झाडावर वाळवणार? पाप लागेल, वन्सं!"

"लागू दे. मी देवासाठी लावला नाही, की तुझ्या बायकांच्या अंबाड्यांसाठी लावला नाही. ही जळकी जागा बघवेना, म्हणून लावला."

कुंपणापलीकडं शेणी थापणारी चिमणाबाई खळखळून हसली. "वैनी, मंडईत त्या धोंडुबाईकडनंच गजरं घेतासा न्हवं? ती बी पांढऱ्या कपाळाचीच हाय की! पदर फुडं वडून बसती, आन् तुमी कपाळ बघत न्हाईसा."

पद्मजाचा चेहरा उतरला. पण सवाष्णींना आमंत्रणं गेली होती. ती मंडईत गेली. फुलं कुणाकडनं आणली, ते तिचं तिलाच ठाऊक.

दिवेलागणीला कळ्या उमलल्या. खिडकीतून वास आत शिरला आणि बायकांची बोलणी थांबली. शेजारी नव्यानंच राहायला आलेली शालूबाई नाक वर करून म्हणाली, "अगंबाई! बाग कुणाची गं ही?"

पद्मजानं हातातली अत्तरदाणी खाली ठेवली.

"आमच्या वन्सांची."

कालिंदीनं ते बाहेर ऐकलं. थोड्या वेळानं कैरीची डाळ आली, तीही दाराबाहेरच, द्रोणात. आत या, असं काही कुणी म्हणालं नाही. तिनं हातांची माती झटकली, मोगऱ्याशेजारी बैठक मारली आणि पहिला घास खाऊन सगळ्या सवाष्णींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पद्मजा, मीठ कमी पडलंय!"