गव्हाच्या वजनाची गाडी

माझा नवरा दुर्गेश विम्याच्या ऑफिसात कामाला आहे, पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून तो स्वतःला मेकॅनिक समजायला लागला आहे. हुडकेश्वरला आमच्या घरासमोर दर रविवारी आमची जुनी गाडी जॅकवर आणि नवरा गाडीखाली असतो. मी चहा जमिनीवर ठेवते. खालून हात येतो आणि कप आत जातो.

या वेळी मात्र मीच त्याच्या मागे लागले होते. कारण बाबा. आई गेल्यापासून माझे बाबा, चंपतराव, सावनेरला एकटेच राहतात. कंबर दुखते, पोळ्या करपतात, पण माझ्याकडे या म्हटलं की दोन कारणं तयार. "लेकीच्या घरी कोणी राह्यते का वं?" हे एक, आणि "तुमची गाडी लय आदळते, माही कंबर जाते" हे दुसरं. पहिल्यावर आमच्याकडे इलाज नव्हता. दुसऱ्यावर दुर्गेशने करायचं ठरवलं.

मागच्या स्प्रिंगांमध्ये रबरी बफर बसवायचे होते. तेव्हा डिकीत आणि मागच्या सीटवर आमचे वर्षाचे गहू होते. पोती उतरवायचा या माणसाला कंटाळा! गव्हाच्या वजनाने गाडी मागून बसलेली दिसली, म्हणून त्याने बफरावर बफर ठासून ती सरळ केली आणि मला चक्कर मारायला नेलं. खोटं कशाला बोलू, लोण्यासारखी चालली. त्या खुशीत त्याने नवा, मोठा हॉर्नही बसवला आणि वायरी स्वतःच जोडल्या.

मग गहू उतरवून गच्चीवर वाळत घातले आणि आम्ही बाबांना आणायला निघालो. रिकामी गाडी मागून अशी उचललेली, की पहिल्याच गतिरोधकावर माझं डोकं छताला लागलं. त्यात ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा, कारण पठ्ठ्याने त्याची वायर ब्रेकच्या दिव्याला जोडली होती. वाटेत सदर भागातल्या लाल सिग्नलला थांबलो, तर पुढचा स्कूटरवाला खाली उतरला. "उड के जाऊं क्या भैया?" त्याचंही बरोबरच होतं.

सावनेरला बाबांनी गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारली आणि कंबर धरून उतरले. "जवाईबापू, पयलेचीच बरी होती."

मला रडूच आलं. हा माणूस पुन्हा एकटा करपलेल्या पोळ्या खात बसणार. मी दुर्गेशवर ओरडले, "काहून हात लावला तू गाडीले?"

"गहू होते तवा मस्त चालून राहिली होती," तो पुटपुटला. "मागं वजन पाहिजे. रिकामी आहे म्हणून उडून राहिली."

एव्हाना हॉर्नमुळे सगळी गल्ली जमली होती. शेजारच्या इंदुताईंनी विचारलंच, "काहो भाऊ, लेकीकडे राहाले चालले का?"

बाबांनी गाडीकडे पाहिलं. "छे! राहाले कायले? गाडीले वजन पाहिजे म्हणते जवाई."

त्यांनी दुर्गेशला आपलं गव्हाचं पोतं उचलायला लावलं. मग लोखंडी ट्रंक. मग आईची शिलाई मशीन. सगळ्यात शेवटी बाबा स्वतः आईचा फोटो घेऊन आले आणि मांडीवर धरून बसले. त्याचं वजन पावभरही नसेल. इंदुताईंनीच गाडीचं दार लावलं.

गाडी अगदी मऊ चालली. ब्रेकला हॉर्न वाजला की बाबा खिडकीतून हात हलवायचे.

तेव्हापासून ते आमच्याकडे आहेत. मधूनमधून म्हणतात, "गेलो असतो गा सावनेरले, पण रिकाम्या गाडीत कसा जाऊ?" सावनेरला बसही जाते, हे त्यांना माहीत आहे. मी बसचं नाव काढत नाही.

गेल्या रविवारी दुर्गेशला उपरती झाली. बफर काढून टाकतो म्हणाला, म्हणजे गाडी रिकामीही नीट चालेल. पण जॅकच सापडेना. आम्ही घर पालथं घातलं. बाबाही दुखऱ्या कमरेने वाकून पलंगाखाली शोधत होते.

दुसऱ्या दिवशी दळणासाठी गहू काढायला मी कोठीत हात घातला, तर हाताला लोखंड लागलं. जॅक होता. बाजूच्या खोलीत बाबा आईच्या फोटोशी काहीतरी बोलत बसले होते.

मी जॅकवर पुन्हा गहू सारले, झाकण घट्ट लावलं आणि दुकानातून विकतची कणीक घेऊन आले.